घरघंटी चोक झाली तर: मोकळी करायचा क्रम आणि पुन्हा तुंबू नये म्हणून घ्यायची काळजी

मोटर ‘हूंऽऽ’ करते, ब्लेड फिरत नाही आणि चार-पाच सेकंदांत सगळं गप्प होतं. यानंतर बहुतेक घरांत एकच गोष्ट घडते. ओव्हरलोडचं बटण (मोटरवर जास्त ताण आला की मशीन बंद पाडणारं) दाबून मशीन पुन्हा चालू करून बघतात. पुन्हा हूं. पुन्हा बटण. तिसऱ्या-चौथ्या वेळी जळका वास येतो, आणि ब्रशने दहा मिनिटांत सुटलं असतं ते काम मोटर रिवाइंडिंगवर जातं.

मी ठाण्यात चरईत राहते. थालीपिठाची आणि चकलीची भाजणी, नाचणीचं पीठ, मोदकाची पिठी घरून करून देते. घरात दोन घरघंट्या आहेत आणि दोन्ही रोज चालतात. त्यामुळे आसपासच्या इमारतींत कुणाची घरघंटी अडली की फोन मला येतो. जून ते सप्टेंबर हे फोन जास्त, गणपतीच्या आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तर रोजचे. प्रत्येक ठिकाणी चुका त्याच दिसतात, म्हणून हे सगळं एकदा नीट क्रमाने लिहिते आहे.

घरघंटीत दगडी जातं नसतं. १ एचपीची मोटर मिनिटाला सुमारे २,८०० फेऱ्यांच्या वेगाने ब्लेड फिरवते, दाणा त्या ब्लेडवर आणि सभोवतीच्या जाळीवर आपटून फुटतो. जाळीच्या भोकातून जाण्याइतका बारीक झाला की खालच्या डब्यात पडतो. पिठाबरोबर हवाही डब्यात येते आणि कापडी फिल्टरमधून बाहेर जाते. दाणा ओला असेल तर तो फुटत नाही, चेपतो आणि जाळीला लिंपला जातो. हवेची वाट बंद झाली तर पीठ खाली उतरत नाही. तुंबण्याचे बहुतेक प्रकार या दोन गोष्टींत बसतात.

टप्पा १: नक्की कुठे तुंबलंय ते आवाजावरून ओळखा

झाकण उघडण्याआधी शेवटचा आवाज कसा होता ते आठवा. ज्यांच्यासमोर मशीन बंद पडलं त्यांनाच विचारा.

आवाज हलका, सुसाट, रिकाम्या मशीनसारखा होता आणि डब्यात पीठ येणं थांबलं होतं? मग चेंबर, म्हणजे ब्लेड आणि जाळी असलेली दळायची जागा, मोकळं आहे, दाणा वरच अडकलाय. हॉपरच्या (वरून धान्य ओततो त्या भांड्याच्या) तोंडाशी सुतळी, किडीने दाण्यांना दाणे चिकटवून केलेला गोळा, कडुनिंबाच्या पाल्याची काडी असं काहीतरी सापडेल. कधी काहीच सापडत नाही. सादळलेले दाणे एकमेकांना धरून तोंडावर कमान करतात, आत पोकळी आणि वर धान्य.

आवाज हळूहळू जड होत गेला, पीठ गरम यायला लागलं, मग मशीन बंद पडलं? तर जाळी लिंपली आहे किंवा फिल्टरचं कापड तुंबलंय. पीठ डब्याच्या कडेने, दाराच्या फटीतून बाहेर उडत असेल तर कापडच समजा.

सुरू करतानाच नुसती हूं झाली? तर चेंबरमध्ये आधीचं धान्य भरून बसलंय. मागच्या वेळी मध्येच वीज गेली होती किंवा कुणीतरी दाणे संपायच्या आत बटण बंद केलं होतं.

खट्ट किंवा खडखड असा कडक आवाज येऊन थांबलं, तर खडा, खिळा किंवा सुटलेला स्क्रू आहे. अशा वेळी एकदाही पुन्हा चालू करून बघू नका. जाळी फाटते.

टप्पा २: बंद करायचा क्रम

आधी मशीनचं बटण बंद. मग भिंतीवरचा स्विच बंद. मग प्लग काढून बाहेर, डोळ्यांना दिसेल असा ठेवा. दाणा कमी-जास्त सोडायचा नॉब असलेलं मॉडेल असेल तर नॉब पूर्ण बंद करा.

दार उघडलं की मशीन आपोआप बंद होतं, म्हणून प्लग काढायची गरज नाही, असं पुष्कळ जण मानतात. दाराचा तो स्विच पिठाने आणि झुरळांनी बिघडतो. मी स्वतः दार उघडं असताना फिरणारी घरघंटी पाहिली आहे. हात आत घालायचा तर प्लग बाहेरच हवा.

आता किमान वीस मिनिटं थांबा. अडकलेली मोटर चालत्या मोटरपेक्षा कितीतरी पट जास्त करंट ओढते आणि काही सेकंदांतच तापते. मोटरच्या बाजूने हात लावून बघा. कोमट वाटेपर्यंत पुढचं काही करायचं नाही.

*तपासा: जळका वास येतोय का? वार्निश जळाल्यासारखा तिखट वास असेल तर इथेच थांबा आणि मेकॅनिकला बोलवा. नुसतं पीठ भाजल्याचा वास असेल तर पुढे जा.*

टप्पा ३: वरून खाली मोकळं करा

आधी हॉपर, मग चेंबर, मग जाळी, शेवटी डबा आणि कापड. हा क्रम बदलला आणि हॉपर भरलेलं असताना खालची जाळी काढली, तर तीन-चार किलो धान्य मोटरच्या बाजूला सांडतं. ते दाणे महिनाभर उंदरांना बोलावत राहतात.

हॉपरमधलं धान्य वाटीने काढून परातीत घ्या. सगळं काढा, तळाला मूठभरही ठेवू नका. मग टॉर्च धरून तोंडात बघा. अडकलेलं काही असेल तर लाकडी उलथन्याच्या दांड्याने वर ओढून घ्या. खाली ढकलू नका, कारण खाली ब्लेड आहे. सुरी, स्क्रूड्रायव्हर, विणकामाची सुई यातलं काहीही वापरायचं नाही.

चेंबरचं दार उघडा आणि कशालाही हात लावण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढा. जाळी कोणत्या बाजूने बसली आहे, तिचा लॉक कुठे आहे, हे त्या फोटोत दिसायला हवं. जाळी उलटी बसवली तर कडेला बारीक फट राहते आणि पिठात अख्खे दाणे येतात. ‘साफ केल्यापासून भरड येते’ म्हणून आलेल्या फोनांमागे बहुधा हेच असतं.

जाळी काढल्यावर काय दिसेल ते सांगते. गेल्या वर्षी हरतालिकेच्या संध्याकाळी मला शेजारच्या इमारतीत बोलावलं होतं. मोदकाच्या पिठीसाठी आंबेमोहोर तांदूळ धुऊन सकाळपासून वाळत घातला होता आणि पाचला दळायला घेतला. वरून हाताला तो अगदी कोरडा लागत होता. जाळी काढली तर आतल्या बाजूने पांढरा, गुळगुळीत, पोळीएवढ्या जाडीचा थर बसलेला, भिंतीला चुना लावावा तसा. नखाने उचलला तर त्याची अखंड चिप निघाली आणि तिच्यावर जाळीच्या भोकांचे ठिपके उमटलेले. तांदूळ बाहेरून वाळला होता, पोटात ओला होता. ब्लेडने त्याची पिठी न होता लगदा झाला आणि तो मोटरच्या उष्णतेने वाळून घट्ट बसला.

असा थर पाण्याने भिजवून काढायचा मोह होतो. आवरा. जाळी ओली झाली की भोकांत खळ तयार होते, आणि ओल राहिली तर जाळी गंजते. जाळी जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर उलटी धरून हाताच्या तळव्याने हलकं ठोका. मोठा थर सुटतो. उरलेलं जाड, ताठ केसांच्या कोरड्या ब्रशने बाहेरून आत घासून काढा, कारण पीठ आतून बाहेर जाताना अडकलेलं असतं आणि उलट्या दिशेने लवकर सुटतं. भोकांत टाचणी घालू नका, भोकं मोठी होतात.

*तपासा: जाळी खिडकीच्या उजेडापुढे धरा. सगळीकडून सारखा उजेड दिसला पाहिजे. काळे पट्टे दिसले तर पुन्हा ब्रश. एखादं भोक शेजारच्यांपेक्षा मोठं किंवा फाटलेलं दिसलं तर जाळी बदला, ती दुरुस्त होत नाही.*

आता चेंबर. भिंतींवरचं, कोपऱ्यांतलं आणि विशेषतः ब्लेडच्या मागचं पीठ ब्रशने काढा. ब्लेडच्या मागे, शाफ्टभोवती, एक अरुंद जागा असते. पोत्याच्या सुतळीचे धागे तिथे गुंडाळून बसतात आणि महिनोन् महिने कुणाला दिसत नाहीत. टॉर्च घेऊन बघा, चिमट्याने ओढून काढा.

मग प्लग बाहेर असल्याची पुन्हा एकदा खात्री करून ब्लेड हाताने फिरवा. जाड कापड धरून फिरवा, धार नसली तरी कडा लागतात. दोन्ही दिशांना ते सहज, सारख्या जोराने फिरलं पाहिजे. एकाच जागी अडत असेल तर खडा अजून आत आहे. सगळीकडे जड असेल किंवा खरखर लागत असेल तर बेअरिंग गेलंय, आणि ते घरी करायचं काम नाही.

टप्पा ४: फिल्टरचं कापड

हा भाग लोक हमखास विसरतात. जाळी लखलखीत करून, कापड तसंच पिठाने माखलेलं लावून मशीन सुरू करतात आणि पाच मिनिटांत पुन्हा चोक होतं. मग ‘जाळी खराब आहे’ म्हणून नवी आणतात.

कापड काढून गॅलरीत, वाऱ्याच्या दिशेने झटका. उलटं करून पुन्हा झटका. नुसतं झटकून भागत नसेल तर कोमट पाण्यात थोडं साबण घालून धुवा, पण फॅब्रिक कंडिशनर घालू नका, त्याने कापडाच्या विणीत थर बसतो. पावसाळ्यात जाड कापड वाळायला दोन दिवससुद्धा लागतात. त्यामुळे घरात दुसरं कापड असलंच पाहिजे. थोड्याही ओल्या कापडावर पिठाची कणीक होते.

*तपासा: धुऊन वाळलेलं कापड तोंडाशी धरून फुंका. हवा सहज पार गेली पाहिजे.*

डबा परत लावताना त्याची रबरी कडा सगळीकडून नीट बसली आहे ना, ते बोट फिरवून बघा.

टप्पा ५: पुन्हा सुरू करणं

सगळं जागेवर बसवा, पण हॉपरमध्ये एकही दाणा घालू नका. प्लग लावा, ओव्हरलोडचं बटण दाबा, मशीन सुरू करून एक मिनिट रिकामं चालवा. आवाज सरळ, एकसुरी हवा.

रिकामं असूनही नुसती हूं होत असेल तर लगेच बंद करा. चेंबर मोकळं, ब्लेड हाताने फिरतंय आणि तरी मोटर उचलत नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा कपॅसिटर (मोटरला सुरू होताना जोर देणारा भाग) कमजोर झालाय. तो स्वस्तात मिळतो, पण स्वतः बदलायला जाऊ नका. मशीन बंद असतानाही त्यात वीज साठलेली असते आणि जोरदार झटका बसतो.

आवाज ठीक असेल तर जाड जाळी लावून मूठभर कडक, कोरडा, न धुतलेला तांदूळ दळा. कोपऱ्यांत चिकटलेलं पीठ तो खरवडून नेतो. ही मूठ फेकून द्या किंवा पक्ष्यांना घाला. मग हवी ती जाळी लावा आणि आधी पावशेर, नंतर उरलेलं दळण टाका.

ज्या धान्याने तुंबलं तेच धान्य तसंच पुन्हा टाकू नका. तोंडाशी काडी अडकली असेल तर चाळून चालेल. जाळी लिंपली असेल तर धान्य ओलं आहे, आणि ते आज दळायचं नाही.

टप्पा ६: पुढच्या वेळेसाठी, आधी धान्य

ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. उघड्या डब्यातलं धान्य ही ओल ओढून घेतं. हाताला ते कळत नाही. म्हणून दळण्याआधी दोन चाचण्या करा.

पहिली दाताची. दाणा दाढेखाली धरून चावा. कट्ट आवाज होऊन तुकडे झाले तर ठीक. चावताना दबला, दाताला चिकटला तर ओला.

दुसरी मिठाची, आणि ही मला जास्त भरवशाची वाटते. पावसाळ्यात मीठ स्वतःच सादळलेलं असतं, म्हणून दोन-तीन चमचे मीठ आधी तव्यावर कोरडं गरम करून गार करा. स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा धान्य भरा, मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर जोरात हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटून राहिलं तर धान्यात साधारण १५ टक्क्यांहून जास्त ओलावा आहे. मीठ सगळं खाली बसलं तर दळायला हरकत नाही. साठवणीच्या गव्हात १२ टक्क्यांच्या आसपास ओलावा असावा लागतो.

ओलं निघालं तर ऊन नसताना काय करायचं? सुती चादरीवर एकाच दाण्याचा थर पसरून रात्रभर पंख्याखाली ठेवा, मध्ये दोनदा हात फिरवा. तेवढ्याने भागलं नाही तर मोठ्या कढईत मंद आचेवर थोडं थोडं घेऊन हाताला सोसेल इतकंच गरम करा. भाजायचं नाहीये. मग परातीत पसरून पूर्ण गार करा. कोमट धान्य डब्यात भरलं की त्याला घाम सुटतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

भाजणीत हीच चूक सर्वांत जास्त होते. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, धने वगैरे भाजले, वास छान सुटला आणि उत्साहात गरम गरमच हॉपरमध्ये घातले. गरम दाण्यातून वाफ निघते, चेंबरच्या थंड पत्र्यावर तिचं पाणी होतं आणि पीठ तिथे चिकटतं. भाजणी किमान चार-पाच तास उघडी गार होऊ द्या. मी संध्याकाळी भाजते आणि सकाळी दळते.

अनारशाचे तांदूळ घरघंटीत घालायचेच नाहीत. तीन दिवस भिजवून, कपड्यावर पसरून, ओलसर असतानाच कुटायचे तांदूळ आहेत ते. ओलसरपणा गेला तर अनारसे बिघडतात आणि ओलसरपणा राहिला तर घरघंटी. मिक्सरला थोडे थोडे लावा किंवा खलबत्त्यात कुटा. मोदकाच्या पिठीचा धुतलेला तांदूळ मात्र घरघंटीत चालतो, पण रात्रभर पंख्याखाली वाळवून, सकाळी दाताने तपासून. शंका आली तर आणखी एक दिवस थांबा, म्हणजे तांदूळ धुवायचा तो सणाच्या तीन दिवस आधी.

वर्षाचे गहू भरणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी बघा. जांभळी नाक्यावरून किंवा वाशीच्या बाजारातून एप्रिल-मेमध्ये सिहोर, लोकवन आणतो, गच्चीवर ऊन दाखवतो आणि एरंडेल लावून कोठीत भरतो. ते एरंडेल फक्त तळहाताला लावून गव्हावरून फिरवण्याइतकं हवं. गव्हावर तेलाची चमक दिसत असेल, मुठीत धरून सोडल्यावर दाणे तळव्याला चिकटत असतील, तर जास्त झालंय. असे गहू दळले की जाळीवर तेलकट, पिवळट थर बसतो. तो कोरड्या ब्रशने नीट निघत नाही. एरंडेलाचे गहू न लावलेल्या गव्हात मिसळून दळा.

दुसरी गोष्ट, कोठीत ठेवलेल्या कीडनाशक गोळ्यांच्या पुरचुंड्या. पाऱ्याच्या असोत नाहीतर आणखी कसल्या, दळणाचे गहू काढताना त्या मोजून बाजूला करा. पुरचुंडी हॉपरमध्ये गेली तर तोंड अडून मशीन थांबणं हा त्यातल्या त्यात बरा प्रकार. फुटून आत गेली तर ते सगळं पीठ आणि जाळीही टाकून द्यावी लागेल. त्यापेक्षा कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा आणि दळणाआधी गहू चाळा.

निवडणं, पाखडणं, चाळणं हे पाकीटबंद धान्यालाही लागू आहे. सुपात घेऊन एकदा पाखडलं की काडी-कचरा आणि सुतळी निघते. खडे हातानेच निवडावे लागतात. लोखंडी तुकड्यांसाठी मी फ्रिजवरचं जुनं मॅग्नेट धान्यातून फिरवते. दोन वर्षांत त्याला एक स्टेपलरची पिन आणि पोतं शिवायच्या सुईचं टोक चिकटलेलं सापडलं.

टप्पा ७: कुठलं धान्य, कसं

जाळ्यांचे नंबर कंपनीगणिक वेगळे असतात, शेजारणीचा नंबर आपल्या मशीनला लावू नका. पुस्तिका हरवली असेल तर जाळ्या शेजारी ठेवून भोकं बघा, डोळ्यांना कळतं.

गहू, ज्वारी, बाजरी कोरडी असेल तर अडत नाहीत. खपली गहू कडक असतो, त्याला वेळ लागतो आणि मोटर तापते, म्हणून दोन किलोंनंतर थांबा. नाचणीचा दाणा बारीक आणि गोल, पाण्यासारखा वाहतो. नॉबच्या मशीनमध्ये गव्हाच्या खुणेवर नाचणी सोडली तर क्षणात चेंबर भरतं. नॉब अगदी थोडा उघडा. हरभरा डाळ बारीक जाळीवर थेट टाकू नका. आधी जाड जाळीवर भरडून घ्या, मग ती भरड बारीक जाळीवर.

सोयाबीन, तीळ, शेंगदाणे, जवस एकटं कधीच नाही. किलोभर गव्हात शंभर ग्रॅम सोयाबीन नीट मिसळून चालतं, त्यापुढे जाळी लिंपायला लागते. मेथीदाणे चमचाभरच, तेही गव्हात मिसळून. हळकुंडं, सुकं खोबरं, मिरची, गूळ, साखर हे घरघंटीचं काम नाही. तेलकट किंवा डाळींचं दळण शेवटी ठेवा आणि त्यानंतर मूठभर तांदळाने चेंबर धुऊन काढल्यासारखं करा.

टप्पा ८: दळतानाचा क्रम

चेंबर रिकामं असल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. नॉबच्या मशीनमध्ये नॉब बंद ठेवून सुरू करा, मोटरने पूर्ण वेग घेऊ द्या, मग नॉब हळूहळू उघडा. आवाज जड झाला की नॉब थोडा मागे. पूर्ण ऑटोमॅटिक मॉडेलमध्ये धान्य आधी घालायचं की नंतर, हे पुस्तिकेत दिलेलं असतं, तसंच करा.

बंद करताना आधी दाणा बंद, मग आवाज हलका होईपर्यंत चालू, त्यानंतर आणखी दोन मिनिटं रिकामं, मग बटण बंद. ‘पुरेसं पीठ झालं’ म्हणून मध्येच बटण दाबणं, ही एकच सवय सोडली तरी माझ्याकडे येणारे निम्मे फोन थांबतील.

डबा काठोकाठ भरू देऊ नका. पीठ फुगलेलं असतं, दोन किलो गव्हाचं पीठ डब्यात तीन किलोंसारखं दिसतं. डबा भरला की पीठ वर जाळीपर्यंत साचतं.

*वीज गेली तर: लगेच मशीनचं बटण आणि नॉब बंद करा, प्लग काढा. वीज आल्यावर तसंच सुरू करू नका. टप्पा ३ प्रमाणे चेंबर उघडून मोकळं करा, मग रिकामं सुरू करा.*

पावसाळी संध्याकाळी दिवे मंद दिसत असतील, पंखा हळू फिरत असेल, तर दळण उद्यावर टाका. कमी व्होल्टेजवर मोटर वेग घेत नाही आणि चेंबर भरतं. एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका, मशीन भिंतीतल्या अर्थिंग असलेल्या सॉकेटला थेट लावा.

टप्पा ९: दळण झाल्यावर

दर वेळी, दमलेले असलात तरी, जाळी आणि चेंबरवर कोरडा ब्रश फिरवा. पाच मिनिटांचं काम आहे. आज कोपऱ्यात उरलेलं चमचाभर पीठ आठवड्याने सादळतं, त्यात आळ्या होतात, आणि पुढच्या दळणाला तोच घट्ट गोळा जाळीवर आपटतो.

आणि मशीनची जागा. आपल्याकडे फ्लॅटमध्ये घरघंटी हमखास ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनशेजारी ठेवतात. घोडबंदर रोडच्या उंच इमारतींत मी पाहिलंय, पावसाचे तुषार ग्रिलमधून थेट मशीनवर येतात. वरून प्लास्टिक टाकलं तर आत आणखी घाम सुटतो. शक्य असेल तर घरात, सिंकपासून लांब, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून ठेवा, म्हणजे मोटरला हवा मिळते. बाल्कनीशिवाय जागाच नसेल तर निदान जाळ्या आणि कापड काढून घट्ट झाकणाच्या डब्यात घरात ठेवा, आणि दळणाआधी मशीनचं दार तासभर पंख्यासमोर उघडं ठेवा.

मेकॅनिकला कधी बोलवायचं

ब्लेड हाताने फिरत नाही, रिकाम्या मशीनमध्ये हूं होते, वार्निशचा वास येतो, पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, किंवा सगळं साफ करूनही एका आठवड्यात ओव्हरलोड दोनदा पडला. यातलं काहीही झालं तर घरी प्रयोग नकोत. झिणझिण्या आल्या तर मशीनचं बटणसुद्धा बंद करायला जाऊ नका, थेट मेन स्विच पाडा.

फोनवर ‘घरघंटी बंद पडली’ एवढंच सांगितलं तर मेकॅनिक चुकीचे पार्ट घेऊन येतो आणि दुसरी फेरी होते. मॉडेल कुठलं, शेवटचा आवाज कसा होता, कुठलं धान्य होतं, ब्लेड हाताने फिरतंय का आणि बटण किती वेळा दाबलं, एवढं सांगा. बटण जितक्या वेळा दाबलं असेल तितक्या वेळा सांगा, कमी करून सांगू नका. त्यावरून तो मोटर उघडायची की नाही हे ठरवतो. जाळीवरच्या थराचा काढलेला फोटोही त्याला आधीच पाठवून द्या.